यंत्राला नाव विचारणारी संहिता : पर्लमधील 'सिस होस्टनेम' या मोड्यूलचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

'स्क्रिप्ट' हा शब्द मराठीत आपण आजवर प्रामुख्याने दोन अर्थांनी वापरत आलो आहोत. एक लिपी आणि दुसरा नाटक-चित्रपटाची लिखित संहिता. संगणकाने ओळीने पार पाडावयाच्या आज्ञांचा लेख हा त्याचा तिसरा अर्थ वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या वाट्याला सहसा येत नाही. वास्तविक हा लेखही कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेला असतो. त्यात गृहीतके असतात, शंका असतात आणि ओळींच्या शेजारी लेखकाने स्वतःसाठी व पुढील वाचकासाठी लिहिलेल्या टिपाही असतात. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा संहितेचे वाचन करावयाचे आहे.

लॅरी वॉल यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पर्ल' या संगणकभाषेची पाचवी आवृत्ती 1994 मध्ये आली. या आवृत्तीबरोबर जी तयार मोड्यूले मिळू लागली त्यांपैकी एकाचे नाव 'सिस होस्टनेम' असे आहे. त्याचे काम एकच. ज्या यंत्रावर स्क्रिप्ट चालू आहे त्या यंत्राचे जाळ्यातील नाव, म्हणजे होस्टनेम, शोधून स्क्रिप्टच्या हाती देणे. वरवर पाहता यात समीक्षेजोगे काही असेल असे वाटत नाही. प्रस्तुत लेखिकेलाही तसे वाटले नव्हते. नाव न कळल्यामुळे काय घडू शकते याचा अनुभव आल्यानंतर हे मत बदलले. म्हणून तो अनुभव प्रथम नमूद करणे आवश्यक आहे.

एका महाविद्यालयाच्या भाषा प्रयोगशाळेत 24 संगणक होते. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षे परिसरातील गावांतून फिरून जात्यावरच्या ओव्यांची 312 ध्वनिमुद्रणे जमवली होती आणि ज्याने त्याने ती आपापल्या नेमून दिलेल्या संगणकावर 1, 2, 3 अशा क्रमांकांनी ठेवली होती. कोणत्या गावची, कोणाच्या आवाजातील, ही माहिती विद्यार्थ्यांच्या वह्यांत यंत्राचे नाव आणि क्रमांक यांच्यासमोर लिहिलेली होती. यंत्रांना नावेही मोठ्या हौसेने दिली होती : मुक्ता, जनी, सोयरा, कान्होपात्रा अशी. दररोज रात्री प्रत्येक संगणकाने आपली ध्वनिमुद्रणे मध्यवर्ती संगणकावर आपल्या नावाच्या कप्प्यात उतरवावीत, अशी योजना एका होतकरू विद्यार्थ्याने एका ओळीत लिहून दिली. ती ओळ त्याने पडद्यावर चालवून दाखवली तेव्हा 'मुक्ता' नावाच्या कप्प्यात सर्व काही यथास्थित उतरले. समाधान झाले, चाचणीचा कप्पा पुसून टाकला आणि तीच ओळ सर्व यंत्रांच्या रात्रीच्या वेळापत्रकात घातली गेली. 2022 च्या मे महिन्यात सुट्टीतील कामाचा भाग म्हणून सर्व संगणक पुसून नव्याने सज्ज करण्यात आले. जूनमध्ये मध्यवर्ती संगणक उघडला तेव्हा त्यात 24 कप्पे नव्हते. कप्पाच नव्हता. नुसत्या 27 ध्वनिफिती होत्या.

कारण अगदी क्षुल्लक होते. त्या ओळीत यंत्राचे नाव 'होस्टनेम' याच नावाच्या एका चलातून घेतले होते. हे चल 'बॅश' नावाचे शेल स्वतःहून भरून ठेवते. पडद्यासमोर बसून आपण आज्ञा देतो तेव्हा बहुधा बॅशशी बोलत असतो, त्यामुळे चाचणी यशस्वी झाली. परंतु रात्रीचे वेळापत्रक सांभाळणारा 'क्रॉन' आपल्या आज्ञा मूळ 'श' या शेलकडून करून घेतो. उबुंटू या प्रणालीत 2006 पासून त्या जागी 'डॅश' नावाचे आटोपशीर शेल असते आणि डॅश हे चल भरत नाही. चल रिकामे असले तर शेल तक्रार करीत नाही, रिकाम्या जागेसह पुढे जाते. परिणामी 24 यंत्रांनी रोज रात्री निनावीपणे एकाच जागी आपापली 1, 2, 3 ही ध्वनिमुद्रणे एकमेकांवर उतरवली. ज्या आजींकडून ती मिळाली होती त्यांपैकी दोघी आज हयात नाहीत.

हा दोष त्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते तो वाचनाचा दोष आहे, आणि त्यात ओळ न वाचता 'चालली ना?' एवढेच विचारणारे आम्ही सर्व शिक्षकही येतो.

पाळण्यातले नाव आणि दाखल्यावरचे नाव

यंत्राचे नाव शोधणे कठीण का असावे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. अर्पानेटच्या काळात जाळ्यातील सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच यादीत असत. ही यादी एसआरआय या संशोधनसंस्थेतील नोंदकेंद्र सांभाळी आणि इतर यंत्रे तिची प्रत उतरवून घेत. तेव्हा नाव एकच होते आणि ते कोण सांगणार हेही ठरलेले होते. यंत्रे वाढली तशी ही पद्धत अपुरी पडली. 1983 मध्ये दोन घटना घडल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्सच्या 4.2 या आवृत्तीत 'गेट-होस्टनेम' ही सोय आली, तिच्यामुळे कोणतेही प्रोग्रॅम आपल्याच यंत्राच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, 'तुझे नाव काय?' असे विचारू शकू लागले. त्याच वर्षी पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यामुळे नावांची अधिकृत नोंद जाळ्यातील निरनिराळ्या नोंदकर्त्यांकडे वाटली गेली. यंत्र स्वतःला जे म्हणवते ते नाव आणि जाळे त्याला ज्या नावाने ओळखते ते नाव, यांच्या वाटा येथून वेगळ्या झाल्या.

मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आपल्याकडे पाळण्यातले नाव एक असते, घरात हाक मारण्याचे दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावरचे तिसरे. दाखल्यावर नुसते नाव चालत नाही, वडिलांचे नाव आणि आडनाव लागते. डोमेन पद्धतीतले पूर्ण नावही असेच लहानाकडून मोठ्याकडे जाते : प्रथम यंत्र, मग विभाग, मग संस्था, मग देश. घरी 'बाळू' म्हणून हाक मारली की एकच मुलगा येतो. गावच्या जत्रेत तीच हाक मारली तर किती येतील हे सांगता येत नाही. होस्टनेम हे घरातले नाव आहे. घराबाहेर ते अनन्य असेल असे वचन कोणीही दिलेले नाही.

पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणग्रंथाने ही गोष्ट स्पष्टही केली आहे. 'युनेम' या आज्ञेतून मिळणाऱ्या माहितीत यंत्राच्या नावाचा रकाना आहे, मात्र तो आहे म्हणून जाळ्याशी व्यवहार करण्यास तेवढी माहिती पुरेशी आहे असे समजू नये, असा इशारा प्रमाणकर्त्यांनी तेथेच देऊन ठेवला आहे. गंमत अशी की सर्वांच्या तोंडी असलेली 'होस्टनेम' ही आज्ञा या प्रमाणग्रंथात मुळी नाहीच. 'युनेम -एन' आहे. गेट-होस्टनेमलाही त्यात जागा मिळाली ती 2001 च्या आवृत्तीत. प्रमाणात नसलेल्या गोष्टी प्रत्येक घराण्याने आपापल्या परीने घडवाव्यात, हे ओघानेच आले. सोलारिस प्रणालीवरील जुन्या होस्टनेम आज्ञेचे उदाहरण प्रशासक मंडळींत प्रसिद्ध आहे. लिनक्सच्या सवयीने कोणी मुख्य अधिकाराने 'होस्टनेम -एफ', म्हणजे 'पूर्ण नाव सांग', असे लिहिले तर ती आज्ञा नाव सांगत नसे, यंत्राचे नावच 'उणे एफ' असे ठेवून मोकळी होई. नाव विचारणे आणि नाव ठेवणे या दोन क्रिया एकाच शब्दावर सोपवल्याचा हा परिणाम.

संहितेचे वाचन

ओव्यांच्या नुकसानीनंतर संगणकशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी ती योजना पर्लमध्ये नव्याने लिहून दिली आणि नाव मिळवण्यासाठी 'सिस होस्टनेम' वापरले. या वेळी मात्र आम्ही वाचावयाचे ठरवले. मोड्यूल एका बैठकीत वाचून होण्याइतके लहान आहे.

त्याची रचना शिडीसारखी आहे. पहिली पायरी म्हणजे 'आपल्याला आधीच ठाऊक आहे का?' याच कार्यक्रमात पूर्वी नाव शोधले असेल तर तेच परत द्यावे, पुन्हा विचारू नये. त्यानंतर सी भाषेत लिहिलेल्या भागामार्फत प्रणालीला थेट विचारावे. येथे उत्तर मिळाले नाही तर प्रणालीच्या घराण्यानुसार तीन वाटा फुटतात. एक वाट डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीची, दुसरी विंडोजची, तिसरी युनिक्सची. युनिक्सच्या वाटेवर पुन्हा पायऱ्या आहेत : कर्नलला थेट हाक, ती नसेल तर सोलारिससारख्या प्रणालींवरची पर्यायी हाक, मग 'होस्टनेम' ही आज्ञा, मग पॉसिक्सचे युनेम, मग 'युनेम -एन' ही आज्ञा आणि शेवटी '/कॉम/होस्ट' ही आज्ञा. ही शेवटची पायरी अपोलो कंपनीच्या संगणकांसाठी आहे. ती कंपनी 1989 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने विकत घेतली. कंपनी गेली, तिचे संगणक गेले, पण त्यांना नाव कसे विचारावे हे या संहितेने जपून ठेवले.

व्हीएमएसच्या वाटेवरील पहिला प्रयत्न तर वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. तेथे यंत्र नावांच्या नोंदवहीत एका शब्दाचा शोध घेते, आणि तो शब्द आहे 'मी'. अर्थात तो 'मी' त्या प्रणालीत ठरवून दिलेला संकेत आहे, त्यात अध्यात्म शोधण्याचे कारण नाही. तरीही आपली ओळख दुसऱ्याच्या वहीत 'मी' या नोंदीखाली शोधावी लागणे, ही या संपूर्ण मोड्यूलची स्थिती आहे. त्याच वाटेवर पुढे निरनिराळ्या विक्रेत्यांच्या जाळेप्रणालींनी ठेवलेल्या सहा नावांची यादी येते आणि शेजारच्या टिपेत लेखक वाचकालाच विचारतो, की अशी आणखी काही नावे वापरली जातात का. उत्तर देणाऱ्या संहितेच्या पोटात हा अनुत्तरित प्रश्न आहे. आपल्याकडील किती संशोधनप्रबंधांत असा प्रश्न खुलेपणाने शिल्लक ठेवलेला असतो, याचा विचार व्हावा.

टिपांचा सूर सर्वत्र असाच आहे. युनिक्सच्या पायऱ्या सुरू होतात तेथे 'इथवर कोणी येणार तरी आहे का?' अशा आशयाची टीप आहे. होस्टनेम या आज्ञेला लेखक जुन्या विश्वासू गड्यासारखे संबोधतो. पॉसिक्सच्या युनेमबद्दल, काटेकोरपणे पाहता ते बरोबर असेलच अशी अपेक्षा धरता येत नाही, असे लिहितो. 'युनेम -एन'बद्दल, नाव मध्येच कापले जाऊ शकते, असे सांगतो. ही भीती अनाठायी नव्हती. जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये या रकान्यात 8 अक्षरांपुरतीच जागा असे. सर्व पायऱ्या संपल्या की हताशेचा एक शब्द येतो आणि मोड्यूल नाव मिळाले नाही असे जाहीर करून कार्यक्रम थांबवते.

हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. आमच्या पहिल्या ओळीत आणि या मोड्यूलमध्ये गुणात्मक फरक कोणता असेल तर तो हाच. नाव मिळाले नाही तेव्हा त्या ओळीने रिकामी जागा घेऊन काम पुढे नेले. मोड्यूल 'मला माहीत नाही' असे म्हणून थांबते. ती ओळ जर अशी थांबली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उतरली नसती, आम्ही चिडलो असतो आणि ओव्या वाचल्या असत्या.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने

येथवर मोड्यूलची बाजू मांडली. आता आक्षेप.

शिडीवर अनेक पायऱ्या आहेत, म्हणजे अनेक साक्षीदार तपासले, असा वाचकाचा समज होतो. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत मात्र साक्षीदारांची संख्या मोजण्यापूर्वी त्यांची वंशावळ पाहतात. एकाच आदर्शप्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच साक्ष. लिनक्सवर या मोड्यूलची वंशावळ काढली तर काय दिसते? गेट-होस्टनेम ही सोय तेथील सी ग्रंथालयात युनेमवरच आधारलेली आहे. होस्टनेम ही आज्ञा तेच विचारते. 'युनेम -एन'ही तेच. सर्वांचे बोट कर्नलमधील एकाच रकान्याकडे आहे. हा रकाना संगणक सुरू होताना 'होस्टनेम' नावाच्या एका ओळीच्या फाइलीतून भरला जातो, आणि त्या फाइलीत प्रणाली बसवणाऱ्या माणसाने जे टंकले ते असते. म्हणजे ज्याला आपण यंत्राचे उत्तर म्हणतो ते बहुतेक वेळा कोणा माणसाने एकदा लिहिलेल्या शब्दाची नक्कल असते.

मग जाळ्यालाच विचारावे, असे कोणी सुचवेल. पर्लमध्ये त्यासाठी 'नेट डोमेन' हे वेगळे मोड्यूल आहे, पायथॉन भाषेत 'गेट-एफक्यूडीएन' आहे, लिनक्सवर 'होस्टनेम -एफ' आहे. परंतु ही मंडळी आधी यंत्राचे घरगुती नाव घेतात आणि त्याचा पूर्ण विस्तार शोधू लागतात. हा शोध बहुधा प्रथम यंत्राच्या स्वतःच्या 'होस्ट्स' या फाइलीत होतो. डेबियन व उबुंटू प्रणाली त्या फाइलीत 127.0.1.1 या अंतर्गत पत्त्यासमोर यंत्राचे नाव आपणच लिहून ठेवतात. शेजाऱ्याकडे चौकशी करण्यास निघालेला माणूस दारातच स्वतःची वही वाचून परत फिरतो, असा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो. पर्लमध्ये बाहेरून आलेल्या माहितीवर शंकेची खूण करण्याची एक पद्धत आहे. अशी खूण असलेली माहिती तपासल्याशिवाय धोक्याच्या कामास वापरता येत नाही. इंग्रजीतील मूळ शब्दाला 'विटाळ' हा मराठी शब्द अर्थाने जवळचा आहे, पण त्या शब्दाने आपल्याकडे माणसांचे जे केले ते पाहता तो येथे वापरू नये, 'संशयित' म्हणावे. होस्टनेम आज्ञेचे उत्तर असे संशयित ठरते, तर कर्नलला थेट हाक मारून मिळालेले उत्तर संशयित ठरत नाही. म्हणून युनिक्सच्या वाटेवर थेट हाकेला प्राधान्य दिल्याचे टीप सांगते. लगेच पुढच्या ओळीत लेखकाला खटकतेही : नाव असे निःशंक म्हणून परत करणे कितपत योग्य? ही शंका त्याने खूण करून ठेवली आणि तशीच राहू दिली. दोन्ही वाटांनी येणारा शब्द एकच आहे, एकाच रकान्यातला आहे. एका वाटेने आला तर संशयित आणि दुसऱ्या वाटेने आला तर निर्मळ, ही व्यवस्था शब्दाची नव्हे, वाटेची परीक्षा करते.

या दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच उणीव आहे. मोड्यूल नाव सांगते, पण ते कोणाकडून कळले हे सांगत नाही. सर्व शंका टिपांत आहेत आणि टिपा संगणक वाचत नाही. वापरणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती पडतो तो फक्त एक निर्विकार शब्द. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेतलेली आणि 1966 मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपण का मानतो? विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी जो पाठ निवडला तो निर्विवाद आहे म्हणून नव्हे. पानाच्या तळाशी कोणत्या पोथीत काय आहे हे दिले आहे म्हणून. संपादकाशी मतभेद असणाऱ्यालाही त्याच पानावर आपला पुरावा सापडतो. 'सिस होस्टनेम' हे तळटिपा कापून छापलेल्या चिकित्सक आवृत्तीसारखे आहे. निवड काळजीपूर्वक केली आहे, निवडीचा पुरावा मात्र वाचकापर्यंत पोहोचत नाही.

यावर असा प्रतिवाद संभवतो की इतक्या लहान साधनाकडून एवढी अपेक्षा करू नये. तो काही अंशी मान्य आहे. परंतु याच क्षेत्रात वेगळे उदाहरण उपलब्ध आहे. यंत्रांच्या नोंदवह्यांतील प्रत्येक ओळीत यंत्राची ओळख कशी लिहावी याचे एक प्रमाण 2009 मध्ये आरएफसी 5424 म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात पसंतीक्रम दिला आहे : आधी पूर्ण डोमेननाव, ते नसेल तर स्थिर पत्ता, मग घरगुती नाव, मग बदलता पत्ता आणि काहीच ठाऊक नसेल तर नुसती एक आडवी रेघ. न कळल्याची नोंद करण्याची येथे रीतसर सोय आहे. शिवाय आलेल्या शब्दाचे रूप पाहून तो कोणत्या पायरीवरून आला याचा बऱ्याच वेळा अंदाज करता येतो.

एकदा कळलेले नाव पुन्हा न विचारण्याच्या सोयीबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. 1994 मध्ये ती रास्त होती; यंत्राचे नाव वर्षानुवर्षे बदलत नसे. आज लॅपटॉप एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात गेला की तेथील व्यवस्था त्याला तात्पुरते वेगळे नाव देऊ शकते. लिनक्सवरील 'सिस्टिमडी'ने तर कायमचे, तात्पुरते आणि दाखवण्यापुरते अशी तीन नावे मान्यच केली आहेत. (तिसऱ्या प्रकारात देवनागरी अक्षरे चालतात, पहिल्यात नाही. आमची मुक्ता आणि जनी रोमनमध्येच नांदत होत्या.) डॉकरच्या कंटेनरला वेगळे नाव दिले नाही तर 12 अक्षरांकांची एक खूण हेच त्याचे होस्टनेम असते आणि कंटेनर गेला की तीही जाते. तरीही एखादा कार्यक्रम महिनोन्महिने चालू असेल तर हे मोड्यूल पहिल्या दिवशीचेच नाव सांगत राहील.

चोवीस जनी

सहकाऱ्यांनी लिहिलेली पर्लमधील योजना प्रथम एका यंत्रावर, मग पाच यंत्रांवर आणि मग सर्व यंत्रांवर एक रात्र चालवली. सकाळी मध्यवर्ती संगणकावर एकच कप्पा होता. त्याचे नाव होते 'जनी'.

मोड्यूलची चूक नव्हती. सुट्टीत यंत्रे नव्याने सज्ज करताना तंत्रज्ञांनी एक संगणक पूर्ण तयार केला, त्याची संपूर्ण प्रतिमा घेतली आणि इतर 23 संगणकांवर ती जशीच्या तशी उतरवली. हा संगणक 'जनी' होता. त्यामुळे 24 यंत्रांना नाव विचारले असता 24 वेळा 'जनी' हेच उत्तर आले, आणि प्रत्येक वेळी ते खरे होते. शिडीच्या कोणत्याही पायरीवर विचारले असते तरी तेच मिळाले असते. आदर्शप्रत एकच होती.

डॉन लिब्स यांनी 1990 मध्ये संगणकाला नाव कसे निवडावे यावर एक छोटे टिपण लिहिले, ते आरएफसी 1178 म्हणून उपलब्ध आहे. एखाद्या प्रकल्पाचे नाव यंत्राला देऊ नये, स्वतःचे नाव देऊ नये, एका सूत्रातील नावांचा संच घ्यावा, अशा व्यवहारी सूचना त्यात आहेत. आम्ही नकळत त्यातील शेवटची पाळली होती. पण नावे ठेवण्याविषयी असा विचार झाला असताना, नाव विचारणाऱ्याने त्या उत्तराचा उपयोग कशासाठी करावा याचा विचार त्या मानाने फार थोडा झालेला दिसतो. यंत्राचे नाव पडद्यावर दाखवावयाचे असेल, पत्राच्या तळाशी लिहावयाचे असेल, तर 'सिस होस्टनेम'चे उत्तर पुरेसे आहे. त्या नावावर एखाद्याचे सामान ठेवावयाचे असेल तर ते पुरेसे नाही, आणि मोड्यूल हा फरक करू शकत नाही, कारण त्याला प्रश्नामागचा हेतू कोणी सांगितलेला नसतो. तो फरक विचारणाऱ्या स्क्रिप्टनेच करावयाचा असतो.

सहकाऱ्यांनी त्यानंतर नावाऐवजी 'मशीन-आयडी' या फाइलीतील 32 अक्षरांची खूण वापरून पाहिली. प्रतिमेबरोबर तीही 23 ठिकाणी उतरली होती. अखेरीस प्रत्येक संगणकाच्या जाळेकार्डावरील पत्ता वाचून तो कागदावर उतरवला, त्यासमोर त्या यंत्राच्या पेटीवर चिकटवलेला क्रमांक लिहिला आणि ही यादी मध्यवर्ती संगणकावर ठेवली. स्क्रिप्ट आता नाव विचारते, जाळेकार्डाचा पत्ता विचारते, दोन्ही यादीशी ताडून पाहते आणि जुळले नाही तर एकही फाइल न उतरवता थांबते. कप्प्यात प्रत्येक रात्री एक छोटी मजकूर-फाइल तयार होते : कोणी काय सांगितले, कोणते उत्तर घेतले. जाळेकार्ड बदलले की यादी हाताने दुरुस्त करावी लागते, आणि ती करावयाची राहिली तर त्या यंत्राची नक्कल होत नाही. अशा दोन तक्रारी गेल्या वर्षी आल्या.

शिल्लक राहिलेल्या 27 ध्वनिफितींपैकी 19 फितींतील आवाज विद्यार्थ्यांनी गावांत परत जाऊन, नातेवाइकांना ऐकवून ओळखून घेतले. उरलेल्या 8 फितींवर केवळ क्रमांक आहेत, 20 पासून 27 पर्यंत. वह्यांत या क्रमांकांसमोर दोन यंत्रांची नावे सापडतात, मुक्ता आणि सोयरा. त्यांतील कोणाच्या ध्वनिफिती शेवटी उतरल्या हे सांगणारी नोंद कोठेही नाही.